समुद्रकाठची जुनी गोल्फ मैदानं: एवढं काय असतं तिथे?

शेवउसळ

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या गोल्फ मैदानाबद्दल इथे अनेकदा बोलून झालंय. प्रतापसिंहरावांनी युरोपीय पाहुण्यांसाठी ते करवून घेतलं, 1990च्या दशकात समरजितसिंहांनी ते नव्याने उभं केलं आणि बाहेरच्यांनाही खुलं केलं, म्हणून आमच्यासारखे दांडिया बाजारातले लोक तिथे खेळू शकले. आजचा विषय मात्र दुसरा आहे. मुलगा एडिंबराला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची काही जुनी मैदानं पाहिली, दोन-चार ठिकाणी खेळलोही. परत आल्यापासून मैदानावर जो तो विचारतो, "काका, एवढं काय आहे हो तिथे?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून हा धागा.

आधी हे सांगतो की पहिल्या नजरेत काहीच नाही. टीव्हीवर अमेरिकेतली मैदानं बघून आपली नजर बिघडलेली. हिरवंगार गवत, तळं, कारंजं, फुललेली झाडं. किनाऱ्यावरच्या जुन्या मैदानांवर, ज्यांना लिंक्स म्हणतात, यातलं काहीही नसतं. झाड तर शोधावं लागतं. उन्हाळ्यात गवत पिवळं पडलेलं, जमीन सगळी उंचसखल, मध्येच काटेरी गॉर्सची झुडपं आणि सतत वारा. बायको म्हणाली, "हे बघायला एवढे पैसे खर्च केले?"

पण खेळायला लागलात की कळतं. आपल्याकडे चेंडू उंच उडवायचा आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, अलगद टाकायचा, की काम झालं. तिथे जमीन कडक, चेंडू पडला की पळत सुटतो. शंभर यार्डांवरून पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू सरपटवायची काठी, काढून मारणारे म्हातारे पाहिले मी, आणि चेंडू खळग्यांतून वळणं घेत बरोब्बर होलपाशी जातो! म्हणजे हवेतला आणि जमिनीवरचा असे दोन खेळ एकाच वेळी चालू असतात, आणि दुसरा आपल्याकडे कोणी शिकवतच नाही.

सेंट अँड्र्यूज या किनाऱ्यावरच्या गावचं प्रसिद्ध लिंक्स, ओल्ड कोर्स, कुणी आखलं म्हणाल, तर पहिला आखणारा कोणी नाहीच. लोक खेळत गेले, वाटा पडत गेल्या. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा घेऊन बसायच्या, तिथली माती उघडी पडून बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, झाले असं मानतात. गवत सशांनी कुरतडून बारीक ठेवलं. पुढे मैदानाची निगा राखणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस वगैरे लोकांनी डागडुजी केली, पण मूळ हाडं तशीच. एकाच मोठ्या ग्रीनवर दोन-दोन झेंडे, जाताना एक होल, येताना दुसरा. अशी सात जोडग्रीन आहेत आणि प्रत्येक जोडीतल्या होलच्या आकड्यांची बेरीज 18 येते.

आता माझा खरा मुद्दा. मला जी ओढ लागली ती गोल्फपेक्षा त्या जागेच्या मालकीची. 1552 साली तिथल्या आर्चबिशपने एक सनद दिली, तिच्यात गावकऱ्यांचा या वाळूच्या पट्ट्यावर खेळण्याचा हक्क नोंदवला आहे. आधीची मजा अशी की 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसायची. 1797मध्ये कर्जबाजारी गावाने ती जमीन हातची घालवली, ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली. मग गोल्फवाले विरुद्ध ससेवाले, कोर्टकचेऱ्या, मारामाऱ्या, वीसेक वर्षं हाच तमाशा. 1821मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने, जेम्स चीपने, ती विकत घेऊन खेळ वाचवला. 1894मध्ये संसदेचा कायदा करून गावाने जमीन परत मिळवली, आणि 1974च्या कायद्याने झालेला ट्रस्ट आज ती सांभाळतो. जगभरच्या गोल्फवाल्यांना जिथे एकदा तरी खेळायचं असतं ते मैदान कुठल्याही क्लबाचं नाही. रॉयल अँड एन्शंट क्लबची प्रसिद्ध दगडी इमारत पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागे आहे खरी, पण जमीन गावाची.

आपली कमाटीबाग समजा. सयाजीरावांनी 1879मध्ये केली, आणि आज कोणीही उठून फिरायला जातो. तसंच. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतं. त्या दिवशी अठराव्या फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, बायका बाबागाड्या घेऊन हिंडतात, कुत्री धावतात. पहिल्या आणि अठराव्या होलला छेदून सार्वजनिक रस्ता जातो, तो मात्र सगळे दिवस चालू. आपण टीवर उभे, समोरून आजीबाई चालल्यात, तर थांबायचं आपण.

बाकी लोकांनी लिहा.

मांडवीचा_मुलगा

काका, वाचायला मजा आली. पण शेवटी हा पैसेवाल्यांचा खेळ, त्याला गावकीचा मुलामा कशाला? ओल्ड कोर्सवर एका फेरीचे किती घेतात ते सांगा की.

शेवउसळ

सांगतो ना, लपवायचं काय. हंगामात तीनशे पौंडांच्या वर. बॅग उचलणारा कॅडी घेतलात तर त्याचे वेगळे. माझ्यासारख्या पेन्शनरने आयुष्यात एकदा करावं असंच ते प्रकरण आहे. पण तो भाव पाहुण्यांचा. गावात राहणाऱ्यांना वर्षाचा पास मिळतो आणि तो पाहुण्यांच्या मानाने फारच स्वस्त असतो. त्याच ट्रस्टकडे आणखी मैदानं आहेत: 1895चं न्यू, 1897चं ज्युबिली, 1914चं ईडन, आणि शाळकरी पोरांसाठी नऊ होलचं बालगोव्ह. 1895च्या मैदानाला अजून 'न्यू' म्हणतात!

शिवाय 'पैसेवाल्यांचा खेळ' ही गोष्ट तू इंग्लंडच्या आणि आपल्या क्लबांकडे बघून म्हणतोस. पूर्वी चेंडू चामड्याचा असे, आत पिसं ठासून भरलेली. एक करायला कारागिराला बराच वेळ लागे, पावसात भिजला की गेला. तेव्हा खेळ महागच होता. 1848च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू करायला लागले. ते स्वस्त आणि टिकाऊ, फुटले तर वितळवून पुन्हा वळता येत. त्यानंतर विणकर, सुतार, कोळी सगळे खेळू लागले. त्यात रेल्वे आली आणि किनाऱ्यावरच्या गावागावांत मैदानं झाली. प्रेस्टविक या जुन्या मैदानाचा पहिला होल रेल्वे रुळांना खेटून जातो, चेंडू उजवीकडे गेला की गाडीखाली.

माती_परीक्षक

काकांनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. आयुष्य मातीच्या नमुन्यांत गेलं.

शेवटच्या हिमयुगानंतर बर्फाचं ओझं उतरलं तशी स्कॉटलंडची जमीन हळूहळू वर आली. समुद्र मागे हटला, वाळूचे पट्टे उघडे पडले, वाऱ्याने त्यांच्या टेकड्या केल्या. त्या वाळूत शेतीला लागणारा कस नाही, म्हणून नांगर फिरला नाही. गुरं-मेंढ्या चारायला आणि कपडे वाळत घालायला ती जागा मोकळी राहिली. गोल्फ तिथे गेला कारण दुसरं कोणाला ती जमीन नको होती.

निकस वाळूत फेस्क्यूसारखं बारीक पात्यांचं गवत तग धरतं. त्याला पाणी कमी लागतं, खत तर नकोच. खत घातलंत की जाड पानांची गवतं शिरतात आणि मैदान बिघडतं. पाऊस पडला तर पाणी थेट खाली जातं, म्हणून जानेवारीतही खेळता येतं. आपल्या काळ्या मातीत जुलैत दोन दिवस पाऊस झाला तर बंकरमध्ये बेडूक ओरडायला लागतात.

कोणी म्हणेल, आपल्यालाही समुद्र जवळ आहे. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला गेलेले बरेच असतील, भरतीला देऊळ बुडतं ते. पण तो खंभातच्या आखाताचा किनारा म्हणजे गाळ. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. लिंक्सला वाळू हवी, थंडी हवी, बारीक गवत हवं आणि ते खाणारी जनावरं हवीत. यातलं एक जरी नसलं तर जे होतं ते समुद्र दिसणारं साधं मैदान.

आपल्याकडे फेअरवेवर जे गवत असतं, ज्याला गोल्फवाले बर्म्युडा म्हणतात, ती आपली हरळी. म्हणजे दूर्वाच.

वाडीतली_आत्या

म्हणजे तुम्ही सगळे बाप्पाच्या दूर्वांवर काठ्या मारत फिरता? चतुर्थीला एक जुडी आणून द्या मग. बाजारात काय भाव असतो माहीत आहे ना.

बर्डीबहाद्दर

आत्या 😄

मी जरा उलटं बोलतो, काका रागावू नका. मी बंगळूर, पुणे, अहमदाबादकडची नवी मैदानं खेळलोय. मला लिंक्स अन्यायाचं वाटतं. फेअरवेच्या मधोमध उत्तम मारलेला चेंडू एका उंचवट्यावर आपटून बंकरमध्ये जातो, आणि शेजाऱ्याचा वेडावाकडा चेंडू टणाटण उड्या मारत ग्रीनवर. मग कौशल्याला किंमत काय? आंधळे होल तर अजबच. पुढे काय आहे ते दिसतच नाही आणि मारा म्हणे.

दुसरं, ओल्ड कोर्स आता आजच्या खेळाडूंना पुरत नाही. तिथे झालेल्या 2022च्या ओपनला, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या स्पर्धेला, कॅमेरॉन स्मिथने 20 अंडर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा 20 फटके कमी, मारले. जुनं म्हणून डोक्यावर घेतो आपण.

शेवउसळ

रागावतो कशाला, मैदानावर तर रोज हेच ऐकवतोस.

आकडा बरोबर आहे. चार दिवस वारा पडलेला असला, जमीन कोरडी आणि चेंडू पळत असला, तर ओल्ड कोर्सवर आजचे खेळाडू धावा काढतात तसे बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, काढतात. त्या मैदानाचं अर्धं संरक्षण वारा आहे. तोच होल सकाळी ड्रायव्हर आणि छोटा वेज, आणि संध्याकाळी वारा फिरला की दोन लांबचे वुड मारूनही अलीकडे. यार्डांचा आकडा तिथे फारसा उपयोगाचा नाही. कॅडी आकडा सांगत नाही, गावातल्या कुठल्यातरी मनोऱ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो तिकडे मार.

अन्यायाबद्दल. हो, अन्याय आहे. मला तोच आवडतो. पण तो दोन्हीकडून असतो आणि चार दिवसांत बराचसा फिटतो. तुझ्या नव्या मैदानांवर लांब मारणारा जिंकतो. लिंक्सवर 2009मध्ये टर्नबरीला टॉम वॉटसन 59 वर्षांचा असताना शेवटच्या होलला एक पार मारला असता, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल संपवला असता, तर ओपन जिंकला असता. ग्रीनमागे गेलेला चेंडू तीन पटमध्ये संपवला, बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंककडून हरला. मला अजून हळहळ वाटते. कुठल्या दुसऱ्या खेळात साठीचा माणूस जगज्जेतेपदाच्या इतक्या जवळ जातो? चेंडू खाली कसा ठेवायचा आणि कुठे पडू द्यायचा हे त्याला ठाऊक होतं, दंडातली ताकद गेली तरी चालून गेलं. आणि हाच वॉटसन, पाच ओपन जिंकलेला, त्याला सुरुवातीला लिंक्स आवडत नसे. बिनभरवशाचे उसळे त्याला खपत नसत.

अमेरिकेच्या बॉबी जोन्सचं तर विचारूच नको. 1921मध्ये ओल्ड कोर्सवर तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि चिडून फेरी सोडून दिली. मग 1927मध्ये त्याच मैदानावर ओपन जिंकला, 1930मध्ये हौशी खेळाडूंची अमॅच्युअर स्पर्धाही. 1958मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

आंधळे होल बघायचे तर प्रेस्टविक. 1860मध्ये पहिली ओपन तिथे झाली, आठ खेळाडू, बारा होलचं मैदान, एका दिवसात तीन फेऱ्या, आणि बक्षीस लाल मोरोक्को चामड्याचा पट्टा. विली पार्कने 174 फटक्यांत जिंकली. तिथे एका होलचं नाव 'हिमालय', दुसऱ्याचं 'आल्प्स'. टेकडी ओलांडून मारायचं. अशा होलवर ग्रीन मोकळं झालं की पुढच्यांनी घंटा वाजवायची असते, तेवढा धीर मागच्यांनी धरायचा. चेंडू टेकडीपलीकडे गेला की कुठे पडला ते बघायला अख्खा ग्रुप चढाव धावत चढतो. पन्नाशीतले वकील-डॉक्टर! हे तुझ्या सपाट मैदानावर होतं का?

बर्डीबहाद्दर

काका, धावणाऱ्या डॉक्टरांवर मी निरुत्तर. पण कार्नुस्टीच्या लिंक्सवरची 1999ची ओपन पण सांगा. व्हान द वेल्डला शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी होती. बुटं-मोजे काढून ओढ्यात उतरला होता बिचारा! ट्रिपल बोगी, म्हणजे पारपेक्षा तीन फटके जास्त, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवशी दहा फटके मागून सुरू झाला होता. तिथे तर आघाडीला काही अर्थच नाही.

मांडवीचा_मुलगा

दहा फटके मागून??? ठीक आहे, आता मी यूट्यूब उघडतो.

वाडीतली_आत्या

काकांनी बाबागाड्या आणि आजीबाई सांगितल्या, पण एक गोष्ट गाळली. आजीबाई मैदानावरून चालू शकत होत्या, क्लबात नाही. ती दगडी इमारत ज्यांची, त्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते 2014मध्ये. मुअरफिल्ड या दुसऱ्या जुन्या मैदानाच्या क्लबवाल्यांनी 2016च्या मतदानात नाकारलं, मग ओपन त्यांच्याकडून काढून घेतली तेव्हा 2017मध्ये हो म्हणाले. गावकीचं कौतुक जरूर करा, पण भिंतीच्या आत काय चाललं होतं तेही लिहा.

मी लेकीच्या बाळंतपणाला डंडीला होते तेव्हा नदीपलीकडे सेंट अँड्र्यूजला बसने जायचो. तिथे समुद्राच्या बाजूला एक भलंमोठं पटिंग ग्रीन आहे, त्यालाही 'हिमालय' म्हणतात. बायकांच्या पटिंग क्लबचं. 1867पासून आहे तो क्लब. त्या काळी बाईने हात खांद्याच्या वर नेऊन काठी फिरवणं शोभत नाही असं लोकांचं म्हणणं, म्हणून त्यांना ही जागा दिली. त्यांनी ती अशी सांभाळली की आज तिथे चार पैसे देऊन कोणीही पटर घेऊन खेळतं. नऊवारीतली माझी विहीणसुद्धा खेळली, आणि जावयाला हरवलं. चढ-उतार असे की चेंडू आपल्याच पायाशी परत येतो. मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण तिथे माझा तास कसा गेला कळलं नाही.

शेवउसळ

आत्या, मुद्दा शंभर टक्के मान्य. जमीन सगळ्यांची आणि चहाचं टेबल मोजक्यांचं, हे तिथेही होतंच. विहीणबाईंना नमस्कार सांगा.

माती_परीक्षक

जुनी मैदानं हवीत म्हणून नवी 'जुनी' करण्याचा उद्योगही चालतो, त्यावर थोडं. ॲबर्डीनच्या उत्तरेला ट्रम्प यांचं मैदान 2012मध्ये उघडलं. तिथे वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या होत्या, शास्त्राच्या दृष्टीने दुर्मिळ. मैदानासाठी त्यांच्यावर गवत लावून त्या जागीच थांबवल्या. 2020मध्ये तिथल्या निसर्गखात्याने त्या जागेचा संरक्षित दर्जा काढला, कारण संरक्षण करण्यासारखं उरलं नव्हतं. मैदान दिसायला देखणं आहे म्हणतात. असेल.

उलट माँट्रोजसारख्या खरोखर जुन्या मैदानाचा किनारा समुद्र खात चाललाय. टी मागे, अजून मागे घ्याव्या लागतात. वाळू हलतच राहणार, ती हलली म्हणून तर ही मैदानं झाली. पण समुद्राची पातळी वाढतेय, किनाऱ्यामागे घरं-रस्ते झालेत, आता वाळूला सरकायला जागा नाही. ज्याला बघायचंय त्याने फार वाट पाहू नये.

गारवा_अलकापुरी

छान धागा. एक व्यावहारिक प्रश्न. हँडिकॅप 28, म्हणजे पारपेक्षा साधारण तितके फटके जास्त लागतात, गुडघे बरे, पुढच्या वर्षी सपत्नीक जायचा विचार. ओल्ड कोर्सवर खेळायला मिळतं का, की वर्षभर आधी ट्रॅव्हल कंपनीला लाखो रुपये मोजायचे?

शेवउसळ

मिळू शकतं. बॅलट नावाची सोडत असते. खेळायच्या दोन दिवस आधी किमान दोघांची नावं द्यायची, संध्याकाळी निकाल. एकटा माणूस असेल तर पूर्वी मध्यरात्रीपासून रांगेत उभं राहावं लागे, 2024पासून त्याचीही रोज सोडत निघते. हँडिकॅपचा दाखला सोबत ठेवा, मागतात. लग्नाच्या वऱ्हाडासारखं एकाच दिवसाचं गणित करून जाऊ नका, आठवडा हाताशी ठेवा आणि रोज नाव टाका. नाव नाही लागलं तर न्यू किंवा ज्युबिलीवर खेळा, वाळू तीच आणि वारा तोच.

वहिनींना खेळायचं नसेल तर आत्यांचा हिमालय आहेच, नाहीतर वेस्ट सँड्सचा लांबलचक किनारा. रविवारी दोघांनी मिळून ओल्ड कोर्सवर फिरायला जा, तिथल्या स्विल्कनच्या जुन्या दगडी पुलावर फोटो काढा, फुकट.

आणि माझं ऐकाल तर एक दिवस नॉर्थ बेरिकच्या मैदानाला द्या. तिथे एका होलवर ग्रीनच्या अलीकडे दगडी भिंत आहे, जुनी, कुणाच्यातरी शेताची. ती पाडायचं कोणाच्या मनात आलं नाही, चेंडू वरून टाकायचा. पंधरावा होल 'रेडान', क्रिमियाच्या युद्धातल्या किल्ल्यावरून नाव. ग्रीन तिरकं, पुढून मागे उतरतं. त्याच्या नकला जगभर झाल्यात. मूळ बघून घ्या.

बर्डीबहाद्दर

आमच्या बाबांनी हे वाचलं आणि आता त्यांनाही जायचंय, खर्च माझा. तर काका, तो खालून मारायचा पंच शॉट शिकवा. आपल्याकडे झाडांखालून काढायला तसाही लागतो.

शेवउसळ

चेंडू मागच्या पायाकडे, हात पुढे, वजन डाव्या पायावर, आणि मारून झालं की काठी कमरेशीच थांबवायची. जोर लावलास की चेंडूला फिरकी बसते आणि तो वर जातो, म्हणून एक-दोन नंबर लांबची काठी घे आणि हळू मार. उन्हाळ्यात संध्याकाळी नैऋत्येकडून बरा वारा येतो तेव्हा ये, पावसाळ्यात मैदान ओलं असताना हे शिकण्यात अर्थ नाही, चेंडू पडला तिथेच रुततो. पाच नंबरचं आयर्न आण. मोरांच्या दिशेने मारायचं नाही.

मांडवीचा_मुलगा

मी पण येऊ का? खेळत नाही, बॅग उचलीन. नंतर शेवउसळ तुमच्याकडून.

शेवउसळ

ये. तर्री जास्त मागितलीस तर पैसे तू द्यायचे.